इंदूबाईचा पाय

अंगण अर्धं सारवून झालं होतं. विहिरीकडचा भाग ओला, हिरवट, बोटांच्या अर्धगोल रेघांनी भरलेला. फाटकाकडचा अजून कोरडा. इंदूबाई उकिडवी बसून शेणाच्या बादलीत पुन्हा हात घालणार, तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला आणि पांढरी फियाट नाक आत खुपसून उभी राहिली.

"ओल्यावर नका आनू," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

गाडी कोरड्या अर्ध्यात थांबली. टिनाच्या शेडखालून देवराव चिंधीला हात पुसत बाहेर आला. देवराव मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. गाडीकडे एक नजर टाकून तो म्हणाला, "इंदू, ये वं. पाय लावून दे पाच मिंट."

तिच्या हाताला कोपरापर्यंत शेण होतं. पण हातांचं तिथं कामच नव्हतं. तिनं पाय तेवढे विहिरीवर धुतले, गोणपाटावर पुसले आणि दोन्ही हात मेंदी लावलेल्या बाईसारखे वर धरून ती गाडीत जाऊन बसली. आतल्या गाद्यांना शेण लागू नये म्हणून गाडीबरोबर आलेल्या कवडू ड्रायव्हरनं दार उघडून धरलं होतं.

ही एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. देवरावानं अकरा वर्षं नागपूरच्या सदर भागातल्या एका गॅरेजात नोकरी केली आणि मग इंदोरा वस्तीत घराच्या अंगणातच स्वतःचं काम मांडलं. इंजिनाला तो हात लावत नसे. ब्रेक, फक्त ब्रेक. कोराडीच्या बाजूनं धुळीनं माखलेले ट्रक यायचे, डॉक्टरांच्या गाड्या यायच्या, टॅक्स्या यायच्या. आता ब्रेकचं एक काम असं आहे की ते एकट्यानं होत नाही. नळ्यांत तेल असतं, त्या तेलात हवा शिरली की ब्रेक पोचट होतो. ती काढायची तर एकानं गाडीखाली निजून चाकामागचं बारीक निप्पल ढिलं करायचं आणि दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरून ठेवायचं, सोड म्हटलं की सोडायचं. पहिल्या वर्षी देवरावापाशी मदतीला माणूस नव्हता. बायको होती.

पहिल्यांदा ती स्टिअरिंगसमोर बसली तेव्हा पोटात सातवा महिना होता, आणि गाडी आपल्यालाच घेऊन पळत सुटेल अशी तिला खात्री होती. डोळे गच्च मिटून तिनं पेडल दाबलं. डोळे मिटल्यामुळेच की काय, जे काही कळायचं ते पायाला कळलं. पुढं तशीच सवय पडली. चप्पल बाहेर काढायची, डोळे मिटायचे, पाऊल ठेवायचं. हवा असली तर पेडल तव्यावर टम्म फुगलेल्या पोळीसारखं लागतं. कुठं गळत असलं तर ओल्या मातीत पाय रुतावा तसं हळूहळू खाली जातं. चाकाला आतून दाबून धरणारे लायनर झिजले असले तर पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती निघावी खालची, तसं होतं. आणि सगळं नीट असलं म्हणजे पाट्यावर पाऊल टेकल्यासारखं. हे शब्द तिचे स्वतःचे. देवराव आधी हसायचा, मग हसेनासा झाला, मग गिऱ्हाइकासमोर नाही पण जेवताना विचारू लागला, "त्या डॉक्टरच्या गाडीचं काय वाटलं वं तुले?"

बारा वर्षांत अर्ध्या नागपूरच्या गाड्यांचे ब्रेक तिच्या टाचेखालून गेले. गाडी मात्र तिनं हातभरही चालवली नाही. शेजारची भागीरथा चिडवायची, "एवढ्या गाड्यांत बसते वं तू, अन् अंगनाच्या बाहेर एक नाई गेली." इंदूबाई म्हणायची, "थांबवाले माहीत आहे. चालवाले पुष्कळ लोक पडले आहेत."

फियाट होती ओमप्रकाशची. लकडगंजात त्याच्या वडिलांची आरा मशीन, सागवानाचा मोठा धंदा, सहा ट्रक. त्या सहाही ट्रकांचे ब्रेक देवरावाकडे. ओमप्रकाश सव्वीस वर्षांचा, हौशी. त्याच्या आजोबांनी या वस्तीत पाय ठेवला नसता. नातू मात्र येताच चहा मागून प्यायचा, आणि त्याबद्दल इंदूबाईला तो आवडायचा. शहराबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक पडीक धावपट्टी होती. तिथं एका मोटार क्लबानं हौशी लोकांची शर्यत ठेवली होती. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना डांबराची रिकामी पिंपं मांडायची, भरधाव यायचं, पिंपाशी येता येता ब्रेक मारून वळायचं आणि उलट जायचं. अशा सहा फेऱ्या. हे सगळं ओमप्रकाशनं आठवड्याआधी याच अंगणात काडीनं रेघा ओढून सांगितलं होतं आणि इंदूबाईनं चहा गाळता गाळता ऐकलं होतं.

देवरावानं तेव्हा मन लावून काम केलं होतं. रस्त्यावरची गाडी एकदा थांबते, गार होते. शर्यतीतली तापत जाते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून मुंबईहून मागवलेले कडक लायनर त्यानं तांब्याच्या रिबिटांनी ठोकून बसवले. ड्रम लेथवर घासून आणले. पुढच्या चाकांच्या मागच्या पत्र्याला भोकं पाडून वारा आत जाईल अशी सोय केली, गोटे उडून आत जाऊ नयेत म्हणून भोकांना जाळी लावली. तेल पुढं ढकलणारी आतली सगळी रबरं नवी. तेल सीलबंद डब्यातलं. मग इंदूबाईनं पाय लावला होता आणि म्हटलं होतं, पाटा आहे. नवे लायनर ड्रमवर घासून बसायला हवेत म्हणून देवरावानं सांगितलं होतं की तीन दिवस पहाटे कोराडी रोडवर गाडी पळवायची, हळू करायची, पुन्हा पळवायची, पुन्हा हळू करायची, आणि शेवटचं दाखवायला आणायची.

तोच हा शेवटचा दिवस. शनिवार. बारा वाजता क्लबवाले गाडी तपासणार होते, आणि रविवारी सकाळी शर्यत.

"दाब," गाडीखालून आवाज आला. "धर. सोड."

चारही चाकं झाली. निप्पलखाली धरलेली बाटली भरत गेली, तेलात बुडबुडे आले नाहीत. देवराव सरकत बाहेर आला, बाटली विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि सवयीनं विचारलं, "कसं वाटते?"

इंदूबाईनं डोळे उघडले नाहीत. तिनं आणखी दोनदा दाबून पाहिलं.

"धरते बरोबर," ती म्हणाली. "सोडत नाई."

"म्हंजे?"

"पाय उचलला का पेडल मागून येते. मागच्या खेपेले पायासंगं येत होतं."

ओमप्रकाश बॉनेटला टेकून उभा होता. तो हसला. "भाभी, ब्रेक पकडायसाठी असते. सोडायसाठी क्लच आहे ना."

कवडूही हसला. देवरावानं खिडकीतून आत वाकून हाताच्या मुठीनं पेडल दाबलं. "दगड आहे," तो म्हणाला. "उतर वं. उशीर होऊन राह्यला त्याइले."

इंदूबाई उतरली नाही. शेणाचे हात मांडीवर नको म्हणून तिनं स्टिअरिंगच्या वर अधांतरी धरले होते आणि समोर काचेतून ती आपल्या अर्ध्या सारवलेल्या अंगणाकडे बघत होती.

"मी सांगितलं ना, सोडत नाई."

"मिस्त्री," ओमप्रकाश म्हणाला, अजून हसतच, "तुमच्याकडे ब्रेक कोण पास करते? तुम्ही की भाभी?"

देवरावाचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकासमोर असं कधी झालं नव्हतं. जेवताना विचारणं वेगळं आणि अंगणात, दिवसाढवळ्या, सहा ट्रकांच्या मालकापुढं बायकोनं नाही म्हणणं वेगळं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "काहून माही फजिती करून राह्यली तू? उतर म्हनतो ना."

"मंग इचारलं काहून? कसं वाटते म्हनून तुम्हीच इचारलं."

"ते तं आपलं बोलाले असते."

"मी बोलाले नाई बसली इथं," ती म्हणाली. "चाक उचला. माहं खोटं निघालं तं उतरतो."

देवरावानं चरफडत जॅक आणला. आपलंच खरं करून दाखवायचं म्हणून त्यानं मागचं डावं चाक उचललं. इंदूबाईनं दाबलं, सोडलं. त्यानं हातानं चाक फिरवलं. चाक सर्रकन फिरलं, दोन वेढे घेऊन थांबलं.

"पाहा," ओमप्रकाश म्हणाला. "झालं समाधान?"

कवडूनं दार पुन्हा उघडून धरलं. क्षणभर इंदूबाईच्या पायालाही शंका आली. इतकी वर्षं कोणी तपासलंच नव्हतं. ती म्हणायची आणि देवराव ऐकायचा, एवढंच. पण तिनं दाराकडे पाहिलं नाही.

"एकदा नाई," ती म्हणाली. "सहा फेऱ्या, दोन टोकं. बारा वेळा मारान ना ब्रेक? मी बारा वेळा दाबतो. मंग फिरवा."

तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं मोजत दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पेडल दर वेळी थोडं अधिक मागं रेंगाळत होतं, ती त्याची वाट न बघता पुन्हा दाबत होती, जसं पिंप समोर आलेला माणूस दाबील. बारा झाल्यावर तिनं पाय पूर्ण उचलून घेतला आणि तळवा सगळ्यांना दिसेल असा दाराबाहेर काढून ठेवला.

देवरावानं चाकाला हात घातला. चाक हललं नाही. त्यानं दोन्ही हात लावले, खांदा लावला. ढिम्म. भागीरथा कुंपणापाशी येऊन उभी होती. जरा वेळानं आतून टक असा बारीक आवाज आला आणि चाक आपोआप सैल झालं.

"चाक हवेत आहे म्हणून," ओमप्रकाश म्हणाला, पण आता हसत नव्हता. "जमीनवर चालते बरोबर. मीच आणली ना चालवत."

"चालन ना," इंदूबाई म्हणाली. "ओढत चालन अन् तापन. मंग तुम्ही जोरानं दाबान तवा धरनार नाई. अन् समोर पिंप."

देवराव तोवर बॉनेट उघडून तेलाच्या कुपीवर वाकला होता. त्यानं बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मग तो विहिरीकडे गेला आणि मघाची बाटली उन्हात धरली. खाली ब्रेकचं पिवळसर तेल होतं. वर बोटभर जाडीचा काळपट थर, वेगळा, जणू दिव्यात आधी पाणी घालून वर तेल सोडावं तसा. अशी बाटली बारा वर्षांत त्या कठड्यावर कधी दिसली नव्हती.

"हे कोन टाकलं?"

कवडूनं मालकाकडे पाहिलं. मालकानं फाटकाकडे पाहिलं.

"परवा पेडल जरा खाली जात होतं," कवडू म्हणाला. "साहेब म्हनले तेल कमी झालं असन. कुपीत पाहिलं तं खरंच कमी. मंग मशीनवरचं टाकलं."

"कोनत्या मशीनवरचं?"

"आऱ्याच्या. चांगलं तेल आहे मिस्त्री, पातळ, डब्बा नवाच फोडला होता. अन् तुम्ही काढता तशी एका चाकाची हवाही काढली. साहेबानंच पाय लावला."

देवराव मटकन विहिरीच्या पायरीवर बसला. नवे लायनर बसले की तेल जरासं खाली उतरतंच; ते सांगायचं तो विसरला होता. "कवडू," तो म्हणाला, "तेल म्हंजे तेल असते काय गा? उद्या पोराले दुधाच्या जागी चुना देशीन, पांढरं दिसते म्हनून?"

"मले काय मालूम."

"आऱ्याचं तेल लागलं का आतलं रबर भिजल्या हरबऱ्यावानी फुगते. फुगलं का अडकते. पुढं जाते, मांगं येत नाई." असं म्हणून तो थांबला. बायको मघापासून हेच सांगत होती हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ओमप्रकाशनं घड्याळ पाहिलं. साडेदहा. "किती वेळ लागेल?"

"सगळी रबरं नवी. नळ्या स्पिरिटनं धुवायच्या. संध्याकाळ होईन."

"बारा वाजता गाडी दाखवायची आहे. नंतर नाव काटतात." तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "मिस्त्री, उद्याचा एक दिवस निघून जाईल. क्लबवाले एकदाच दाबून पाहतात, बारा वेळा नाही. मी सांभाळून चालवीन. सोमवारी खोला, काय खोलायचं ते."

"सांभाळून चालवाले कोनी रेसमंदी जाते काय," भागीरथा कुंपणापलीकडून म्हणाली.

"भाभी, उतरा."

"नाई."

"गाडी माझी आहे."

"गाडी तुमचीच आहे. ब्रेक या अंगनातून जाऊन राह्यला."

त्याचा आवाज चढला. "ठीक आहे. मग उद्यापासून आमचे सहाही ट्रक या अंगणात येणार नाहीत. दुसरे मिस्त्री नागपुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बायका घरात असतात."

ही धमकी देवरावासाठी होती, हे सगळ्यांना कळत होतं. सहा ट्रक म्हणजे त्याची अर्ध्या वर्षाची कमाई. तो पायरीवरून उठला, गाडीपाशी आला, खिडकीवर तेलकट हात टेकवले आणि पहिल्यांदाच समजावणीच्या सुरात म्हणाला, "इंदू. उतर वं. त्याचा जीव, त्याची गाडी. आपन सांगून चुकलो."

इंदूबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. छप्पन साली, लग्नाला सहा महिने झाले असताना, ती याच माणसाच्या शेजारी पांढरं लुगडं नेसून लाखोंच्या गर्दीत उभी राहिली होती. तेव्हापासून रोज पहाटे, चूल पेटायच्या आधी, तसबिरीसमोर बसून ती पंचशील म्हणत आली होती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीची चार तिला कधी जड गेली नव्हती; हे एक गेलं होतं, कारण संसारात रोज काही ना काही झाकावंच लागतं. पण पायाचं तिनं कधी झाकलं नव्हतं. ब्रेकबाबत तिच्या तोंडून आजवर जे निघालं ते खरंच निघालं होतं, आणि तेवढी एक जागा तिनं स्वच्छ ठेवली होती.

"तुम्ही म्हना बरोबर आहे," ती म्हणाली. "भागीरथासमोर म्हना, कवडूसमोर म्हना. बरोबर आहे, घेऊन जा, असं म्हना. मी ह्या मिंटाले उतरतो. पन मले म्हनाले नका सांगू."

देवरावानं खिडकीवरचे हात काढले. ओमप्रकाश वाट बघत होता. कवडू जमिनीकडे बघत होता.

देवराव शेडखाली गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात नट सोडायचे दोन पाने होते. तो कोणाला काही न सांगता बॉनेटखाली वाकला, मुख्य नळीचा नट त्यानं पान्यात धरला आणि एक हिसका दिला. तेल टपटप खाली अंगणात पडू लागलं.

"अरे, काय करून राहिले मिस्त्री?"

"खोलून राह्यलो," देवराव आतूनच म्हणाला. "आता हे लावल्याबिगर गाडी फाटकाच्या बाहेर जात नाई. ढकलून न्या म्हनान तं न्या. ट्रकाचं म्हनान तं तुमची मर्जी. पन माह्या हातचा ब्रेक असा जानार नाई."

"तुमच्या हातचा, की भाभीच्या पायाचा?"

"एकच आहे ते."

ओमप्रकाशचं तोंड लाल झालं होतं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवायला गेला, बॉनेट उघडं होतं म्हणून टपावर ठेवली, आणि ओल्या सारवणाची कड तुडवत, गाडीला वळसा घालून फाटकाबाहेर गेला. बाहेर त्यानं सायकलरिक्षाला हाक मारल्याचं ऐकू आलं. ट्रकांचं त्यानं परत घेतलं नाही की पक्कंही केलं नाही. कवडूला तो बोलावून गेला नाही, त्यामुळे कवडू तिथंच राहिला.

इंदूबाई गाडीतून उतरली. पायाला मुंग्या आल्या होत्या. देवराव तिच्याकडे न बघता सिलिंडर सोडवत होता, जरा वेळानं म्हणाला, "हे पाहा." फुगलेलं रबर त्यानं तळहातावर ठेवलं होतं. जुन्या टोपीसारखं काठाला लोंबलेलं. तिनं ते पाहिलं, पण हात लावला नाही.

"मास्टर सिलिंडरच्या रबरांचा एक सेट लागन," तो म्हणाला. "चाकांची आठ रबरं, अन् तेलाचा एक सीलबंद डब्बा. सदरचं दुकान शनवारी एकले बंद होते. मी जाऊन येतो."

"तुमचे हात पाहा. तुम्ही खोला, मी आनतो."

"मी जातो ना," कवडू म्हणाला.

"तू गेला तं एरंडेल घेऊन येशीन," भागीरथा म्हणाली, आणि कवडूसुद्धा हसला.

"दुकानवाला तुले देनार नाई," देवराव इंदूबाईला म्हणाला. "मिस्त्रीले पाठव म्हनन. मांगं म्हनला होता."

"म्हनू दे. त्याले म्हनीन, कोनत्या गाडीचं, कोनत्या मापाचं, काय झालं म्हनून पाहिजे, इचारा मले. नाई देल्लं तं तिथंच बसतो."

तिनं विहिरीवर हातपाय स्वच्छ धुतले, लुगडं बदललं, चपला पायात घातल्या. देवरावानं नमुन्याला म्हणून दिलेलं फुगलेलं रबर कागदात गुंडाळून तिनं पिशवीत टाकलं आणि ती फियाटच्या ब्रेकची रबरं आणायला बसनं सदरला निघाली.